हात लागला की थांबतात

वहिनी,

परवा मावशी भेटल्या. धारला आपल्या मागच्या अंगणाला लागून ज्यांचं अंगण होतं, त्या तांबटांच्या मावशी. त्यांनी मला एक प्रश्न विचारला. तो खरं तर त्यांना तुला विचारायचा होता, पण तू जाऊन इतकी वर्षं झाली, तेव्हा तुझ्या जागी मी. मी उत्तर दिलं, आणि काय दिलं ते तुला कळायला हवं, कारण तुझ्या नावावर कुणी काही खपवलेलं तुला कधीच चालायचं नाही. लिहायला बसले तर लेक मागून डोकावली. "आई, हे कोणाला लिहून राहिलीस?" म्हटलं, माझ्या आईला. "मग वर वहिनी का लिहिलंय?" माझ्या गिचमिड अक्षरातला तेवढा एक शब्द तिनं वाचला हेच खूप झालं, देवासच्या हिंदी शाळेत शिकलेली, मराठी बोलते घडाघडा आणि वाचायला दिलं की तिला घाम फुटतो. तिला सांगितलं, काका तुला वहिनी म्हणायचा, त्याचं ऐकून आम्ही मुलं म्हणायला लागलो आणि आमचं ऐकून सगळी गल्ली. "म्हणजे तू आईला आई म्हटलंच नाहीस?" असं म्हणून ती हसत हसत चहा टाकायला गेली. मला मात्र ते लागलं. खरंच नाही म्हटलं गं.

मी काय काम करते तेही तुला माहीत नाही. तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते आणि मी बँकेत लागावं अशी तुझ्या नवऱ्याची, म्हणजे दादांची, फार इच्छा होती. ती काही मी पुरी केली नाही. देवासला एका औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते. भाजल्याकापल्यावर लावायची मलमं आमच्याकडे होतात, आणि ती माणसाच्या अंगाला लागण्याआधी पेशींवर घालून पाहायची, हे माझं काम. कातडीच्या पेशी आम्ही प्लास्टिकच्या चपट्या डब्यांत वाढवतो, गुलाबी पातळ खाद्यात, अंगाइतक्या उबेत. सुरुवातीला त्या एकट्यादुकट्या विखुरलेल्या असतात, हातपाय पसरत इकडेतिकडे सरकतात, एकीच्या दोन होतात, दोनाच्या चार. पण सरकता सरकता एकीचा दुसरीला स्पर्श झाला की ती थबकते. चारी बाजूंनी शेजारीण लागली की सरकणंही थांबतं आणि वाढणंही. डब्याच्या तळाशी एक पातळ एकेरी थर तयार होतो, कुणी कुणाच्या अंगावर चढत नाही. बाहेरून कुणी दटावलेलं नसतं, खाद्यही संपलेलं नसतं. एकीच्या अंगावरचे बारीक आकडे दुसरीच्या आकड्यांत अडकतात आणि आत कुठेतरी निरोप जातो की पुरे आता. ज्यांना हा निरोप ऐकू येत नाही त्या पेशी एकमेकींवर चढून ढीग करतात. त्यांची पुढे गाठ होते आणि ती लोकांच्या रिपोर्टांत येते, पण ते आज नको.

मलमाची परीक्षा घ्यायची असली की त्या भरलेल्या थरात पिपेटच्या, म्हणजे थेंब सोडायच्या बारीक नळीच्या, टोकानं मी एक सरळ ओरखडा काढते. मधल्या पेशी निघून जातात आणि दोन काठांमध्ये एक रिकामी वाट उरते. काठावरच्या पेशींची एका बाजूची शेजारीण गेलेली असते. इतका वेळ गप्प बसलेल्या त्या, मग हळूहळू चालायला लागतात. दोन्हीकडून येतात, मध्ये गाठ पडते, आणि तिथंच थांबतात. माझ्यासोबत काम करणारी बाई सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून म्हणते, "दीदी, आज तो गले मिल ही जाएँगी." मी म्हणते, गळाभेट वगैरे काही नाही, फोटो काढ आणि पुढचा डबा आण. पेशींच्या तोंडी माणसांच्या भावना घातलेल्या मला आवडत नाहीत, त्यावरून मी नव्या लोकांना चांगली झापतेसुद्धा. आणि तरी ओरखडा काढताना दर वेळी मला तुझा डावा हात आठवतो. हे मी तिथं कुणाला सांगितलेलं नाही.

तो महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस होता. मी सात-आठ वर्षांची असेन. पहाटेच तू ओलेत्यानं विहिरीचं पाणी काढून ते रुंद तोंडाचं तांब्याचं तपेलं भरून ठेवलं होतंस. दिवसभराचा स्वयंपाक त्याच पाण्यात व्हायचा, आणि सोवळ्यातल्या माणसाशिवाय त्याला कुणी हात लावायचा नाही. विहीर दोन अंगणांच्या मध्ये, दोन्ही घरांची सामाईक. तू पाणी ओढत होतीस तेव्हा मावशी पलीकडच्या काठाला उभ्या राहून तुझ्याशी बोलत होत्या, सणाचा दिवस म्हणून नेहमीपेक्षा चार हात लांबून. आपले लोक दरबाराबरोबर धारला आले ते कचेरीतली लेखणी घेऊन, आणि त्यांचे आले हातोडी घेऊन. तुझ्या वन्सं, आमच्या आत्या, हा फरक कुणाला विसरू द्यायच्या नाहीत. ते तपेलं मात्र मावशींच्याच घरी ठोकलेलं होतं, आणि त्याला आत्यांची काही हरकत नव्हती.

मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभी आहे. अंगात रोजचा झगा आहे, त्यामुळे आत यायची सोय नाही. तू पुरणाची डाळ शिजवून तिचं पाणी काढायला पातेलं कलतं करतेस आणि हातातलं फडकं निसटतं. उकळतं पाणी तुझ्या डाव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत. पातेलं आदळल्याचा मोठा आवाज होतो, तुझा होत नाही. तू दात आवळून श्वास आत ओढतेस आणि उरलेली डाळ सावरायला लागतेस. दादा धावत आले आणि उंबऱ्याशी थांबले. "अगं थांब जरा, हात तर बघ." देवघरातून आत्यांनी विचारलं, "काय सांडलं? नैवेद्याचं काही सांडलं का?" मी रडायला लागले, वहिनी थांब, वहिनी थांब. सगळे लांबून थांब म्हणत होते आणि तू थांबत नव्हतीस. भाजलेला हात पोटाशी धरून उजव्या हातानं तू डाळ पुरणयंत्रात भरत होतीस, आणि हातावरची कातडी माझ्या डोळ्यांदेखत पांढरी पडून फुगत होती. मला इतकी भीती पुढे कधी वाटली नाही, अगदी तू गेलीस तेव्हाही नाही.

दादांना एक पाऊल आत टाकता आलं असतं, असं आज म्हणणं सोपं आहे. मी त्यांच्यावर रागावून पाहिलंय, पण तो राग टिकत नाही. ते पाऊल टाकायला त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं, आणि तूच हात वर करून त्यांना अडवत होतीस. "येऊ नका, केलेलं सगळं वाया जाईल." आत्यांवरही आता फार राग येत नाही. ऐन तरुणपणी विधवा होऊन भावाच्या घरी राहिलेली बाई. वर्षातले ते तीन दिवस सोडले तर तिचं ऐकत कोण होतं? पण त्या वेळी घरात इतकी माणसं असून तुला धरायला एकही नव्हतं, हे मात्र खरं.

मग मागच्या दारातून मावशी आल्या. आवाज ऐकून आल्या असणार. त्यांनी काही विचारलं नाही, येऊ का म्हटलं नाही. तुझा दंड धरला, तुला तपेल्यापाशी ओढलं आणि भाजलेला हात कोपरापर्यंत त्या पाण्यात बुडवला. आणि तू थांबलीस. तू खाली बसलीस आणि मागे रेललीस, सगळा भार मावशींच्या अंगावर टाकून. त्या तुझ्या पाठीशी होत्या, त्यांना तुझा चेहरा दिसत नव्हता. तो माझ्याकडे होता. डोळे मिटलेले, ओठ जरासे उघडे, गाढ झोपलेल्या माणसाचे असतात तसे. मी तुला झोपलेली क्वचितच पाहिली होती. मी उठायच्या आधी तू उठलेली असायचीस आणि मी झोपल्यावर निजायचीस. म्हणून तो चेहरा मला अनोळखी वाटला.

तेवढ्यात आत्या दारात आल्या. "बाटवलं! सगळं बाटवलं!" तू डोळे न उघडताच म्हणालीस, "वन्सं, त्यांना नाही कळलं हो." आत्या म्हणाल्या, इतकी वर्षं उंबऱ्याला उंबरा लावून राहतात, न कळायला काय झालं? तू पुन्हा तेच. "नाही कळलं. त्यांना काय ठाऊक आपल्याकडचं." तुझी आग निवेपर्यंत मावशींनी हात पाण्यात धरून ठेवला, मग तो तुझ्या मांडीवर अलगद ठेवला, पदर सावरला आणि आल्या तशा मागच्या दारानं गेल्या. आत्यांनी पुन्हा अंघोळ केली, पुन्हा पाणी काढलं, आणि वरणभात-खिरीचा नैवेद्य दाखवला. त्या वर्षी पुरण नाही. महालक्ष्म्या दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला गेल्या. मुखवट्यांवर मला तरी राग दिसला नाही.

मावशी त्यानंतर आपल्याकडे आल्या नाहीत. विहिरीवर यायची त्यांची वेळ बदलली. आत्यांनी मागच्या दाराला आतून कडी घातली, ती तशीच राहिली. हिवाळ्यात दादांची कुक्षीच्या तहसील कचेरीत बदली झाली. आत्या आणि काका धारलाच राहिले, आपण निघालो. पुढच्या दारी सामान ट्रकात चढत असताना तू मागच्या दाराची कडी काढून अंगणात जाऊन उभी राहिलेली मला आठवतेस. पलीकडचं दार बंद होतं. तू हाक मारली नाहीस, आणि त्यांनीही आतून बाहेर डोकावून पाहिलं नाही. दोघी एका मातीच्या.

कुक्षीचा उन्हाळा तुझ्या हाताला सोसायचा नाही. जखम भरली होती, पण भरून तिथं थांबली नाही. व्रण फुगला, लालसर झाला आणि भाजल्याच्या कडेबाहेर सरकत गेला. काही जणांच्या कातडीला असं होतं. त्याच्याबद्दल मी आता बरंच वाचलं आहे आणि जितकं वाचलं तितकं ते एका वाक्यात सांगता येईनासं झालं आहे. थांबायचा निरोप पेशींना नीट पोचत नाही, असं म्हटलं तर ते अर्धवटच म्हटल्यासारखं होईल. तू बाजाराच्या दिवशी ओट्यावर बसून त्यावर खोबरेल चोळायचीस. निसरपूरकडून मिरच्या विकायला येणारी एक बाई पाणी प्यायला थांबायची आणि बोटानं तो व्रण दाबून दाबून बघायची, आणि तू बघू द्यायचीस. मला याचं फार आश्चर्य वाटायचं. सोवळं तू तिथंही सोडलं नाहीस. महालक्ष्म्या तिथंही बसल्या, पहाटे ओलेत्यानं पाणी भरणं तिथंही चालूच राहिलं. फक्त पहिल्याच वर्षी चूल पेटवण्याआधी तू मला म्हणालीस, "मागचं दार उघडं ठेव गं." मी ठेवलं. मग दर वर्षी तू तेच सांगायचीस आणि मी दर वर्षी ते उघडून ठेवायचे. का, ते कधी विचारलं नाही.

आता परवाचं. त्याच्या आदल्या आठवड्यात भाजी घेत होते, तर एक बाई माझ्याकडे टक लावून बघायला लागली. "तू धारची ना गं? आमच्या बाजूला राहून राहिली होती ना तुम्ही लोकं?" मावशींची मुलगी. इथंच देवासला, टेकडीच्या पायथ्याशी राहते, आणि मावशी पडल्यापासून तिच्याकडेच असतात. म्हणाली, "एकदा येऊन जा. ती तुझ्या आईचं नाव काढत राहते. आता तिचं काही सांगता येत नाही." मी रविवारी गेले. पाच मिनिटांसाठी आले आहे, असं दारातच सांगितलं, कारण मागे कामांची रांग होती, आणि खरं सांगू, म्हाताऱ्या माणसांच्या उशाशी बसायला माझा जीव घाबरतो. मावशी खाटेवर बसलेल्या. एवढ्याशा झालेल्या, पण डोळे तेच. मला बघून त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. कशी आहेस, मुलं किती, काही नाही.

"एक गोष्ट सांग. तुझी आई असं कशाला म्हणाली? त्यांना नाही कळलं म्हणून? अगं, मला तर सब मालूम होतं. ती पाणी ओढून राहिली होती तेव्हा मी तिथंच उभी होते ना. सोवळ्याचं आहे, मालूम होतं. हात घातला की बाटेल, हे पण मालूम होतं. पण त्या घरात तेवढंच गार पाणी भरून ठेवलेलं दिसलं मला. तुझी आत्या बोलली त्याचं काही नाही, तिची तर आदतच होती. वहिनी बोलली ते लागलं. इतक्या वर्षांची शेजारीण, ती मला नासमझ समजली का? इतकंच सांग मला."

वहिनी, तुझं ते वाक्य मी आजवर तुझा चांगुलपणा म्हणून जपलं होतं. आत्यांच्या तोंडाचा पट्टा मावशींवर सुटू नये म्हणून तू ते बोललीस, असंच मी धरून चालले होते, आणि अजूनही तसंच धरते. पण तेच वाक्य मावशींच्या घरी जाऊन इतकी वर्षं ठसठसत असेल, हे माझ्या कधी मनातही आलं नाही. त्यांनी सगळं समजून उमजून केलेलं होतं, आत्यांच्या नजरेतून उतरायची तयारी ठेवून केलेलं होतं, आणि तू त्यांना त्याचं श्रेय देण्याऐवजी माफी देऊन टाकलीस. त्या माझ्याकडे बघत होत्या. मी घाईघाईनं म्हटलं, "मावशी, तिला ठाऊक होतं. ती नेहमी म्हणायची, त्यांना सगळं कळत होतं, मी आपलं वन्संना गप्प करायला तसं बोलले." मावशी हसल्या. "खोटं बोलून राहिलीस. वहिनी आणि असं बोलेल? आपल्या मनातलं तिनं कधी कोणाला सांगितलं होतं का?"

पकडले गेले. लहान मुलीसारखे कान लाल झाले असतील माझे, या वयात. मग मी जे पाहिलं होतं ते सांगितलं. त्या तुला मागून धरून बसल्या होत्या तेव्हाचा तुझा चेहरा, मिटलेले डोळे, सुटलेले ओठ. मावशींनी ते नीट ऐकून घेतलं, पुन्हा एकदा सांगायला लावलं. पण मला दिसत होतं की तेवढ्यानं त्यांचं समाधान झालेलं नाही. चेहरा काय, दुखणं कमी झालं की कुणाचाही सुटतो. म्हणून मी कुक्षीचं सांगितलं. "तिकडे गेल्यावर दर महालक्ष्म्यांना वहिनी मला सांगायची, मागचं दार उघडं ठेव. मी काम करत सुटले, कुणाचं ऐकेनाशी झाले, तर सरळ आत ये आणि मावशींनी धरलं होतं तसं मला धर."

"धर म्हणाली?"

"हो."

"सोवळ्यात?"

"सोवळ्यातच."

मावशींनी भिंतीकडे पाहिलं. मग त्यांनी हात लांब केला आणि माझं मनगट धरलं. मी खुर्चीच्या कडेवर टेकले होते, पायात चप्पल तशीच, हातात गाडीची किल्ली. मी मागे सरकून बसले. किल्ली पर्समध्ये टाकली. त्यांच्या मुलीनं पोहे आणले, ते खाल्ले, वर शेव मागून घेतली, आणि मावशी धारच्या गोष्टी सांगत राहिल्या: तू विहिरीवर कशी घागर सोडायचीस, आत्यांची नक्कल किती हुबेहूब करायचीस. ही नक्कल मला ठाऊकच नव्हती. ऊन उतरलं तरी मी उठले नाही. आमच्या डब्यांतल्या पेशींची त्या सगळ्या वेळात मला आठवण झाली नाही, ती झाली घरी येताना, गाडी चालू केल्यावर.

हे पत्र कुठं जायचं नाही. लेकीला माझं अक्षर लागणार नाही, आणि मावशींना वाचून दाखवण्याची माझी हिंमत नाही, ते का ते आता सांगते. तू फक्त 'मागचं दार उघडं ठेव गं' एवढंच म्हणायचीस. पुढचं सगळं मी जोडलं. तू धुरासाठी म्हणत असशील, किंवा वाऱ्यासाठी. कुक्षीचं ते स्वयंपाकघर कोंदट होतंच. मावशींनी मला पहिल्या वेळी लगेच पकडलं, या वेळी पकडलं नाही, त्यामुळे मला वाटतं ते खरं असावं. पण तुला न विचारता बोलले, आई.